बोलिंगचा गोळा आणि त्यावरील छिद्रांची आखणी

दहा पिनांच्या बोलिंगसाठी नवा गोळा विकत घेतला म्हणजे तो लगेच खेळण्याजोगा झाला, असे होत नाही. कारखान्यातून येणारा गोळा अखंड असतो. बोटे घालण्याची छिद्रे त्याला नसतात. ती ज्याच्या त्याच्या हातानुसार मागाहून पाडून घ्यावी लागतात. छिद्रे कोठे पाडावीत हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ सोयीचा वाटतो. हाताला जेथे सुखकर पडेल तेथे अंगठा, आणि त्याच्यासमोर मधले बोट व अनामिका, एवढेच त्यात असेल असे कोणासही वाटेल. वस्तुतः छिद्रांचे परस्परांतील अंतर हाताने ठरते. परंतु ती तीन छिद्रे गोळ्याच्या पृष्ठभागावर नेमकी कोठे बसवावयाची, हे गोळ्याच्या पोटात काय दडले आहे त्यावरून ठरवावे लागते. त्यातच एकदा पाडलेले छिद्र पुसून टाकता येत नाही. म्हणून गोळा यंत्राखाली ठेवण्यापूर्वी खडूने जी आखणी करतात तिला ह्या कारागिरीत मोठे महत्त्व आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. खेळाडू जेथून गोळा सोडतो त्या मर्यादारेषेपासून सर्वांत पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर ६० फूट असते आणि लेनची रुंदी सुमारे साडेएकेचाळीस इंच. शेवटी दहा पिना त्रिकोणात मांडलेल्या असतात. शेजारशेजारच्या दोन पिनांच्या मध्यांत १२ इंचांचे अंतर असते. गोळ्याचा व्यास सुमारे साडेआठ इंच, परीघ सुमारे २७ इंच आणि वजन अधिकात अधिक १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलोग्रॅमच्या किंचित वर. (भारतात मेट्रिक मापे रूढ असली तरी ह्या कारागिरीची सारी मापे इंचांतच चालतात, म्हणून येथेही तीच ठेवली आहेत.)

एवढा जड गोळा सरळ नेऊन पहिल्या पिनेवर आदळला तर सर्व पिना पडाव्यात, अशी सामान्य समजूत असते. ती खरी नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा गोळा पहिल्या व तिसऱ्या पिनांमधील फटीत, लेनच्या लांबीशी सुमारे सहा अंशांचा कोन करून शिरला, तर दहाही पिना पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. अशा उत्तम फेकीत गोळा स्वतः केवळ चार पिनांना स्पर्श करतो. पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात.

आता लेनच्या अगदी कडेवरून सरळ रेषेत टाकलेला गोळा त्या फटीकडे किती कोनाने जाईल, ते काढणे सोपे आहे. आडवे अंतर सुमारे १८ इंच आणि लांबी ७२० इंच. म्हणजे कोन दीड अंशाहूनही कमी. सहा अंश सरळ फेकीने साधणे अशक्य होय. गोळ्याने वाटेत वळलेच पाहिजे, आणि तेही उशिरा वळले पाहिजे. नव्या गोळ्याच्या बाबतीत जी काही चिंता करावयाची ती ह्या वळणासाठीच असते.

लेनच्या पुढच्या भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो बहुधा ४० फुटांच्या आसपास संपतो. कॅरमच्या पाटावर भुकटी टाकली म्हणजे सोंगट्या कशा सरकतात हे सर्वांस ठाऊक आहे. तेलाचे कार्य तेच. तेलावर घर्षणांक ०.०४ च्या आसपास, तर कोरड्या लाकडावर वा कृत्रिम फळ्यांवर ०.२ च्या आसपास धरतात, म्हणजे जवळजवळ पाचपट. खेळाडू गोळा सोडताना बोटांनी त्यास तिरपा फिरका देतो. तेलावर गोळा घसरत जातो आणि फिरका तसाच शिल्लक राहतो; कोरड्या भागावर येताच घर्षण त्या फिरक्यास धरते आणि गोळा बाजूस ओढला जातो. शेवटी घसरणे संपून तो केवळ लोळू लागतो आणि पुन्हा सरळ चालतो. घसरणे, वळणे आणि लोळणे अशा त्याच्या ह्या तीन अवस्था होत.

गोळ्याच्या पोटातील गाभा

जुन्या काळी हे गोळे लिग्नम व्हायटी नावाच्या अतिशय कठीण लाकडाचे असत. १९०५ पासून रबराचे गोळे आले, पुढे पॉलिएस्टरचे, १९८० नंतर पॉलियुरेथेनचे आणि १९९० नंतरच्या दशकात लेनला अधिक चिकटणाऱ्या राळमिश्रित कवचाचे. छिद्रे पाडल्याने त्या बाजूचे वजन घटते. इंचभर व्यासाचे आणि पावणेतीन इंच खोल एक छिद्र १५ पौंडी गोळ्यातून सुमारे दीड औंस द्रव्य काढून टाकते. हे नुकसान भरून निघावे म्हणून कारखानदार पूर्वी गोळ्याच्या वरच्या बाजूस, कवचाखाली, जड पदार्थाची एक चपटी वडी बसवीत असत. तिच्याकडून दुसरी कसलीच अपेक्षा नव्हती.

पुढे असे ध्यानात आले की आतील जड भागाचा आकार बदलला तर गोळ्याचे चालणेच बदलते. आज बहुतेक चांगल्या गोळ्यांच्या पोटात विजेच्या दिव्यासारखा, डबीसारखा किंवा अगदी वेड्यावाकड्या आकाराचा गाभा असतो. बाहेरून सर्व गोळे सारखेच गोल. परंतु आत वजन कोणत्या दिशेने कसे पसरले आहे, यात ते एकमेकांहून वेगळे असतात.

हे पसरणे मोजण्याचे माप म्हणजे घूर्णन-त्रिज्या. गोळ्याचे सर्व द्रव्य एखाद्या अक्षापासून जितक्या अंतरावर गोळा केले असता फिरण्यास तेवढाच विरोध होईल, ते अंतर म्हणजे त्या अक्षाविषयीची घूर्णन-त्रिज्या. अमेरिकेतील बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार ती २.४६ ते २.८० इंचांच्या मर्यादेत असावी लागते. लांबट गाभा असलेल्या गोळ्यात ती सर्व दिशांना सारखी नसते. गाभ्याच्या लांबीच्या अक्षाभोवती ती सर्वांत कमी, तर त्याच्याशी काटकोनात असलेल्या अक्षाभोवती सर्वांत अधिक असते. ह्या दोहोंतील फरक ०.०६० इंचाहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे. साध्या पॉलिएस्टर गोळ्यात तो ०.०१ इंचाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखाच असतो. भरपूर वळणाऱ्या गोळ्यात ०.०५० इंच किंवा त्याहूनही थोडा अधिक असतो. अर्ध्या दशांश इंचाचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण आखणीचे सारे प्रयोजन त्याच्यामुळेच निर्माण झालेले आहे.

गाभ्याचे टोक कोठे आहे हे बाहेरून कळावे म्हणून गोळ्यावर एक रंगीत ठिपका असतो. कारागीर त्यास 'पिन'च म्हणतात. परंतु पाडावयाच्या पिनांशी घोटाळा होऊ नये म्हणून येथे त्यास 'टिकली' म्हणू. टिकलीतून गोळ्याच्या मध्याकडे जाणारी रेषा म्हणजे सर्वांत कमी घूर्णन-त्रिज्येचा अक्ष. टिकलीपासून पृष्ठभागावरून पाव परीघ, म्हणजे पावणेसात इंच दूर गेले की सर्वांत अधिक घूर्णन-त्रिज्येची जागा येते. ज्या गोळ्यांचा गाभा दोन्ही अंगांनी सारखा नसतो, त्यांवर ह्या पावणेसात इंचांवर आणखी एक खूण केलेली असते. तिला भार-कलाची खूण म्हणता येईल.

अक्ष जागा का बदलतो?

लांबट बटाटा तिरपा फिरवून वर उडविला तर तो डुलत डुलत फिरतो. ज्या अक्षाभोवती त्यास फिरविले तो त्याच्या आकाराच्या प्रमुख अक्षांपैकी नसतो, म्हणून फिरण्याचा अक्ष बटाट्याच्या अंगावरून सतत सरकत राहतो. मुलांच्या भोवऱ्याचे डुलणे ह्याहून निराळे. तेथे गुरुत्वाकर्षण भोवऱ्यास खाली ओढीत असते आणि म्हणून त्याचा अक्ष गोल फिरतो. बटाट्यास तशा बाह्य ओढीची गरज लागत नाही. बोलिंगच्या गोळ्यातील मुख्य परांचन बटाट्याच्या जातीचे आहे. लेनवरील घर्षण त्यात आपली भर घालते एवढेच.

ह्याचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. तेलावरून गेलेला गोळा परत आल्यावर त्याच्या अंगावर तेलाची वर्तुळे उमटलेली दिसतात. अक्ष स्थिर असता तर एकच वर्तुळ पुन्हा पुन्हा गिरविले गेले असते. अक्ष सरकत असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याचे वर्तुळ आधीच्यापासून थोडे ढळते. सर्व वर्तुळे दोन जागी एकमेकांस छेदतात आणि मधल्या भागात पंख्यासारखी फाकतात. ह्या फाकण्याचा लाभ असा की दर फेऱ्यास गोळ्याचा तेल न लागलेला, कोरडा भाग लेनला टेकतो आणि घर्षण वाढते. वर्तुळे जितकी अधिक फाकतील तितका गोळा लेनला अधिक धरील.

किती फाकतील हे गणिताने सांगता येते. दोन्ही अंगांनी सारख्या गाभ्याच्या गोळ्यात फिरण्याचा अक्ष टिकलीभोवती एका वर्तुळावरून फिरतो. त्या वर्तुळाची त्रिज्या अक्ष व टिकली यांमधील कोनाच्या 'साइन'च्या प्रमाणात असते, तर त्यावरून फिरण्याचा वेग त्याच कोनाच्या 'कोसाइन'च्या प्रमाणात. म्हणून अक्षाचे सरकणे ह्या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून राहते, आणि हा गुणाकार ४५ अंशांवर सर्वांत मोठा असतो. गोळ्याच्या पृष्ठभागावर ४५ अंश म्हणजे परिघाचा आठवा भाग, अर्थात ३⅜ इंच. अनुभवी कारागीर अधिकाधिक फाकण्यासाठी 'तीन पूर्णांक तीन अष्टमांश'चे अंतर पाठ म्हणून सांगतात, त्याचे मूळ येथे आहे. अंतर शून्य असेल किंवा पूर्ण पावणेसात इंच असेल, तर अक्ष जागचा हालत नाही.

घूर्णन-त्रिज्येतील फरक ०.०५० इंच आणि किमान त्रिज्या २.५० इंच असलेल्या गोळ्याचे उदाहरण घेतले, तर ३⅜ इंचांवर अक्ष दर फेऱ्यास सुमारे अर्धा इंच सरकतो. ताशी १७ मैलांनी गेलेला गोळा ६० फूट अंतर सुमारे २.४ सेकंदांत काटतो. तो मिनिटास ३०० फेरे या गतीने फिरत असेल तर तेवढ्या वेळात त्याचे बारा फेरे होतात. म्हणजे वर्तुळे एकूण पाच-सहा इंच फाकतील. प्रत्यक्षात दिसते तेही असेच.

येथे एक गमतीची गोष्ट आहे. टिकलीपासून सव्वादोन इंच (३० अंश) आणि साडेचार इंच (६० अंश) ह्या दोन्ही अंतरांवर फाकणे सारखेच, कमाल मापाच्या सुमारे ८७ टक्के येते. मग दोन्ही आखण्या सारख्याच का? नाही. पहिलीत गोळा किमान त्रिज्येच्या अक्षाजवळ फिरतो. वरच्या उदाहरणात ती २.५१ इंच येते, तर दुसरीत २.५४ इंच. पहिला गोळा लवकर गती पकडतो आणि लवकर लोळू लागतो. दुसरा आपला फिरका अधिक काळ राखून ठेवतो.

खेळाडूचा अक्षबिंदू

आतापर्यंत 'अक्ष' असे म्हटले, तो कोणाचा? तो गोळ्याचा नव्हे, खेळाडूचा. प्रत्येकाची मनगटाची व बोटांची लकब वेगळी असते आणि गोळा सुटताना तो कोणत्या अक्षाभोवती फिरेल हे त्या लकबीने ठरते. हा अक्ष गोळ्याच्या पृष्ठभागास जेथे छेदतो तो बिंदू, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत पकडीच्या उजवीकडचा, ह्यास धन अक्षबिंदू म्हणतात. नवीन गोळ्याच्या आखणीस तो माहीत असल्यावाचून हात घालणे म्हणजे अंगाचे माप न घेता कापड बेतणे होय. आणि तरीही पुष्कळ गोळे असेच बेतले जातात.

तो शोधण्याची रीत सोपी आहे. खेळाडूच्या जुन्या गोळ्यावर उमटलेल्या तेलाच्या वर्तुळांपैकी छिद्रांच्या सर्वांत जवळचे, म्हणजे पहिल्या फेऱ्याचे वर्तुळ खडूने गिरवावे. त्या वर्तुळाच्या प्रत्येक भागापासून सारख्या अंतरावर असलेला बिंदू हाच अक्षबिंदू. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून गोळा पुन्हा टाकून पाहावा. सुटल्याबरोबर तो तुकडा जागच्या जागी फिरताना दिसला तर बिंदू बरोबर. तो गरगर वर्तुळ काढू लागला तर चुकला. मग पकडीच्या मध्यापासून आडवे व उभे अंतर मोजून नोंद करतात. उदाहरणार्थ, '५ इंच उजवीकडे, अर्धा इंच वर'. दोन्ही हातांनी गोळा सोडणाऱ्यांच्या बाबतीत, आणि ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमोंटे याच्या यशानंतर अशांची संख्या बरीच वाढली आहे, हे माप नव्यानेच घ्यावे लागते. एका हाताने खेळत असतानाचा आकडा तेथे चालत नाही.

आखणीची द्विकोन पद्धती

आखणीच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी अमेरिकेतील गोळ्यांचे आरेखक मो पिनेल (मृत्यू २०२१) यांनी प्रचारात आणलेली द्विकोन पद्धती समजण्यास सोयीची आहे. तीत तीन आकडे असतात: एक कोन, एक अंतर आणि दुसरा कोन.

पहिला कोन टिकलीपाशी मोजतात. टिकलीपासून भार-कलाच्या खुणेकडे जाणारी रेषा आणि टिकलीपासून अक्षबिंदूकडे जाणारी रेषा यांमधील हा कोन. तो लहान असेल तर गोळा घसरणे लवकर सोडतो. मोठा असेल तर उशिरा. अंतर म्हणजे टिकली ते अक्षबिंदू, ज्याचा विचार वर झालाच. दुसरा कोन अक्षबिंदूपाशी मोजतात. अक्षबिंदूतून जाणारी उभी रेषा आणि टिकलीकडे जाणारी रेषा यांमधील हा कोन. तो लहान असला की गोळ्याचे वळणे चटकन आटोपते आणि वळण टोकदार दिसते. मोठा असला की वळण लांबट व सौम्य होते. हा दुसरा कोन २० ते ७० अंशांच्या आत ठेवतात. त्याबाहेर गेल्यास फाकणारी वर्तुळे बोटांच्या किंवा अंगठ्याच्या छिद्रांवरून जाण्याचा धोका असतो. तसे झाले की गोळा खडखड आवाज करीत जातो आणि त्याच्या चालीचा भरवसा राहत नाही.

प्रत्यक्ष आखताना काम उलट्या दिशेने चालते, आणि नवशिक्याचा गोंधळ नेमका येथेच उडतो. छिद्रे प्रथम काढीत नाहीत. आधी टिकलीपासून भार-कलाकडे रेषा ओढावी. सारख्या गाभ्याच्या गोळ्यावर ती टिकलीपासून गुरुत्वमध्याच्या खुणेतून ओढतात. तिच्याशी ठरलेला पहिला कोन करून दुसरी रेषा ओढावी आणि तीवर ठरलेले अंतर मोजावे. तेथे अक्षबिंदू आला. त्या बिंदूतून दुसऱ्या कोनाने उभी रेषा काढावी. मग खेळाडूच्या नोंदीतील मापे उलट मोजीत मागे यावे. वरच्या उदाहरणात अक्षबिंदू पकडीच्या मध्याच्या अर्धा इंच वर होता, म्हणून प्रथम अर्धा इंच खाली, नंतर पाच इंच डावीकडे. तेथे पकडीचा मध्य येतो, आणि आता कोठे तीन छिद्रांच्या जागा निश्चित होतात. ही सर्व मापे गोलावर वाकणाऱ्या पट्टीनेच घ्यावी लागतात.

आकडे कोणते निवडावे? वेगाने पण थोड्या फेऱ्यांनी गोळा टाकणारा खेळाडू घेतला, तर त्याचा गोळा तेलावर लांबवर घसरत जातो आणि वळण्यास जागाच उरत नाही. त्यास ४५ अंश, पावणेचार इंच, ३० अंश अशी आखणी मानवेल; दोन कोनांची बेरीज लहान असल्यामुळे गोळा लवकर जागा होतो. याउलट सावकाश पण भरपूर फेऱ्यांनी टाकणाऱ्याचा गोळा तेल संपण्याआधीच वळून बसतो आणि पहिल्या पिनेच्या डाव्या बाजूस जातो. त्यास ७५ अंश, ५ इंच, ५० अंश यांसारखी आखणी योग्य. तीत फाकणे कमाल मापाच्या सुमारे तीन-चतुर्थांश राहते आणि वळणही सौम्य होते. ज्याच्याजवळ आधीच एक गोळा आहे त्याने दुसरा गोळा त्याच आखणीने पाडणे फारसे शहाणपणाचे नाही. दोन गोळे दोन प्रकारच्या लेनवर उपयोगी पडावेत हे बरे.

सारख्या गाभ्याच्या गोळ्यात पहिल्या कोनाचा प्रभाव आता बराच कमी झाला आहे. पूर्वी कारागीर बोटांच्या छिद्रांखेरीज वजन साधण्यासाठी चौथे एक छिद्र पाडीत आणि त्याने गोळ्याचा स्वभाव बराच बदलता येत असे. १ ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने असे छिद्र बंद केले. प्रत्येक छिद्र पकडीसाठीच वापरले गेले पाहिजे, असा नियम झाला. त्याच वेळी निरनिराळ्या बाजूंच्या वजनातील फरकाची मर्यादा तीन औंसांपर्यंत सैल करण्यात आली. त्यापूर्वी डावी-उजवी बाजू व बोटे-अंगठ्याची बाजू यांत केवळ एका औंसाची सूट होती आणि कारागीर तराजूपाशी तासन्‌तास घालवीत. १५ पौंडी गोळ्याचे वजन २४० औंस असते हे ध्यानात घेतले, तर त्या एका औंसाचा बाऊ किती केला जाई याची कल्पना येते.

आखणीविषयीही थोडे तारतम्य हवे. टिकली पाव इंच इकडे की तिकडे यावर खेळाडूंत हिरिरीने वाद होतात आणि विक्रेते त्यांस खतपाणी घालतात. पण बोलिंग काँग्रेसने गोळ्यांच्या चालीची जी पद्धतशीर पाहणी केली, तीत गोळ्याच्या कवचाचा खरखरीतपणा आणि लेनवरील घर्षण यांचा परिणाम गाभ्याच्या आकड्यांहून अधिक दिसून आला. खरखरीत कागदाने घासलेला गोळा लवकर वळतो, चकचकीत केलेला उशिरा. शिवाय हा उपाय पाच मिनिटांत करता येतो आणि पाच मिनिटांत उलटवताही येतो. म्हणून आखणीने गोळ्याचा मूळ स्वभाव ठरवावा आणि रोजचे फेरफार कवच घासून करावेत, हा क्रम योग्य दिसतो. पाव इंचाने न सुधारणारी फेक पुष्कळदा हाताचीच असते.

आखणी खरोखरच चुकली तर गोळा फेकून द्यावा लागत नाही. जुन्या छिद्रांत पातळ राळ ओतून ती घट्ट होऊ देतात, वरचा भाग गोळ्याबरोबर घासून सारखा करतात आणि नव्याने छिद्रे पाडतात. मात्र भरलेल्या राळेची घनता मूळ द्रव्याइतकी क्वचितच असते, आणि पहिल्या खेपेस छिद्र गाभ्यात शिरले असेल तर गाभ्याचा तेवढा तुकडा कायमचा गेलेला असतो. त्यामुळे अशा गोळ्याचे कारखान्याने छापलेले आकडे नंतर तंतोतंत लागू पडत नाहीत. काही कारागीर प्रत्येक गोळ्यासाठी एक कार्ड ठेवतात. त्यावर अक्षबिंदूची मापे, तीनही आकडे, पाडल्याची तारीख आणि कवच कोणत्या कागदाने घासले ते लिहिलेले असते. गोळा दुसऱ्या कारागिराकडे गेला तर ते कार्डही त्याच्याबरोबर जाते.